पंधरा तास की बेचाळीस?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात सिल्वासा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणरायाला वंदन करून बोलायला उभा राहतो. आधी एक खुलासा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘व्याख्यान’ असं छापलं आहे. मी काही व्याख्याता नाही. मसाटच्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्यात एकतीस वर्षं काढली. गाडी कधी भरली, कधी सुटली, भिवंडीला किती वाजता लागेल, इंदूरला कोणत्या दिवशी पोचेल, हे सांगणं एवढंच माझं काम. तेव्हा समितीने विचार केला असणार, याला अंतर आणि वेळ या विषयावर बोलायला लावू.

सुरुवात एका प्रश्नाने करतो. ज्यांचं मूल, भावंडं किंवा नातवंडं परदेशात आहेत, त्यांनी हात वर करा. पाहा, निम्मं सभागृह आहे. आपण १९८०-८५ च्या सुमाराला जळगाव, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी सोडून इथे नोकरीला आलो तेव्हा आपल्या आईवडिलांना सिल्वासाच परदेश वाटायचं. आता आपली मुलं न्यूजर्सी, लंडन, सिडनी, दुबईला आहेत.

दुसरा प्रश्न मुलांना. मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब? बघा, मोबाईल लगेच बाहेर आले. साडेबारा हजार किलोमीटर. बरोबर. आणि विमानाला वेळ किती? पंधरा-सोळा तास. तेही बरोबर. पण माझ्या घरी एकदा याच प्रवासाला बेचाळीस तास लागले होते. पंधरा आणि बेचाळीस. मधल्या सत्तावीस तासांबद्दल मला आज बोलायचं आहे.

आधी अंतराचं पाहू. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. घरी एक मोसंबं घ्या, त्यावर दोन टिंबं काढा आणि दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल ती सगळ्यांत जवळची वाट. पृथ्वीच्या गोलावर मुंबई-न्यूयॉर्क असा दोरा ताणला तर तो कुठून जातो? पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासून स्वीडन-नॉर्वे, पुढे आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडा. म्हणजे अमेरिकेला जायचं तर आधी जवळजवळ उत्तरेलाच तोंड करायचं. साडेबारा हजार हा आकडा या दोऱ्याचा आहे. याच हिशेबाने मुंबई-दुबई सुमारे एकोणीसशे किलोमीटर, मुंबई-लंडन बहात्तरशे आणि मुंबई-सिडनी दहा हजारांच्या थोडं वर.

आता वेळ. मोठं प्रवासी विमान तासाला साधारण नऊशे किलोमीटर जातं. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं की चौदा तास येतात. पण जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना तासभर कमी. असं का? आपल्याकडे एक समजूत आहे की पृथ्वी फिरते म्हणून. ती बरोबर नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमानही फिरतं. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. अमेरिकेहून येताना हा वारा पाठीशी, जाताना तोंडावर. दमणगंगेत पोहलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

त्यात घड्याळ आपल्याला आणखी फसवतं. भारताचं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ. मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान तिकडे त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमाराला उतरतं. तिकिटावर दीड आणि सात वाचून आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, “एवढंच? आमची सिल्वासा-पंढरपूर एसटी याहून जास्त वेळ घेते.”

हसू येतं, पण मागे वळून पाहिलं तर आजींचं फारसं चुकलं नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला निघाल्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याला बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिने. घरचं पत्रही तितकंच मागे. १९४८ च्या जून महिन्यात एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. ‘मलबार प्रिन्सेस’ त्याचं नाव. वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबत ८ तारखेला निघालेलं ते विमान १० तारखेला लंडनला पोचलं. १९६० मध्ये बोईंग ७०७ ने एअर इंडिया न्यूयॉर्कपर्यंत गेली आणि २००७ मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणं सुरू झालं. दोन महिन्यांचे पंधरा तास झाले. आनंदीबाईंच्या काळी लांब गेलेलं माणूस वेळेवर येईल अशी आशाच कोणी धरत नसे. आज आपण धरतो. आणि आपली गफलत इथेच होते, कारण पंधरा तास हा विमानाचा वेळ आहे, माणसाचा नाही.

आता तिसरी गोष्ट, वाट. मघाशी दोरा ताणला तेव्हा कोणत्या देशांची नावं आली? त्या प्रत्येकाच्या आकाशातून जायला परवानगी लागते. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं. २०२२ पासून अमेरिकेच्या आणि युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. मग विमानं फेरा घालून जातात. दिल्लीच्या विमानांना हा फेरा जास्त पडतो. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. शहरं हलली नाहीत, किलोमीटर वाढले नाहीत, पण प्रवास लांबला.

ही गोष्ट जगात कोणाला चटकन कळायला हवी असेल, तर ती आपल्याला, सिल्वासाच्या लोकांना. दमण इथून किती? तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. रविवारी मुलांना घेऊन संध्याकाळी समुद्रावर जाऊन परत येतो आपण. पण याच तीस किलोमीटरसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालला होता, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं.

पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये तह झाला. पोर्तुगीजांना बारा हजार रुपये महसुलाची गावं द्यायची ठरली. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर हवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेलं. पण या दोन्ही मुलखांना समुद्र नाही. दमणहून इकडे यायचं तर मधली पट्टी ओलांडायची. ती आधी मराठ्यांची, मग इंग्रजांची आणि १९४७ नंतर भारताची. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झालं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही आपली माणसं होती. म्हणून २ ऑगस्टला आपण मुक्तिदिनाचं झेंडावंदन करतो. त्या वेळी भारताने मधली वाट बंद केली. दमणमधलं पोर्तुगीज सैन्य तीस किलोमीटरवर होतं, पण येऊ शकलं नाही. लिस्बन इथून आठ हजार किलोमीटर, आणि पोर्तुगालला अडचण आली ती शेवटच्या तिसांची.

१९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल कोर्टात गेलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना तो नव्हता. आणि भारताने वाट अडवली त्यात भारताचं काही चुकलं नाही. तो जुना तह खरोखर मुलूख देणारा होता, की नुसता सरंजाम, म्हणजे महसूल खाण्याचा हक्क देणारा, यावरही त्या खटल्यात खल झाला. पेशव्यांच्या काळातल्या मराठी कागदांचा अर्थ हेगमध्ये लावला जात होता. पुढे १९६१ च्या ऑगस्टमध्ये दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली.

तर मंडळी, आपण ज्या गावात राहतो, त्या गावाचा इतिहासच सांगतो की दोन ठिकाणांमधलं अंतर एक आणि पोचायला लागणारा वेळ दुसरा. मी इथे चाळीस वर्षं राहिलो, नोकरीत रोज हाच हिशेब केला. आणि तरी स्वतःच्या घरात चुकलो. ते आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला माझी आई गेली. वय एक्याण्णव. आजारी नव्हती. आदल्या रात्री भाकरी कुस्करून दूध खाल्लं होतं. माझा धाकटा भाऊ न्यूजर्सीला असतो. मी त्याला फोन केला तेव्हा तिकडे गुरुवारच्या संध्याकाळचे सात वाजले होते. तो एवढंच म्हणाला, “दादा, मी निघतो.” मी म्हटलं, “ये.”

मग माणसं जमायला लागली. सगळे विचारत होते, कधी न्यायचं? माझ्या डोक्यात पंधरा तासांचा आकडा पक्का होता. साडेपाच अधिक पंधरा, म्हणजे रात्री साडेआठ. मुंबईहून यायला थोडा वेळ धरू. मी सगळ्यांना सांगून टाकलं, तो रात्री उशिरा येतो आहे, उद्या सकाळी आठला अंत्यविधी. नाशिकला, पुण्याला, जव्हारला तसेच फोन गेले. बर्फाची पेटी आणली. ज्या माणसाने आयुष्यभर ड्रायव्हरला विचारलं, “गाडी भरून गेटबाहेर कधी पडणार ते आधी सांग,” त्याने स्वतःच्या भावाला ते विचारलं नाही.

आता त्याचा हिशेब ऐका. त्या संध्याकाळचं थेट विमान त्याला मिळणं शक्य नव्हतं. रात्रभर बसून त्याने आखाती देशातून येणारं दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळवलं, बॅग भरली. फोन आल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत बारा तास. घर ते विमानतळ आणि तिथली तपासणी धरून चार. पहिलं विमान तेरा तास. मधल्या विमानतळावर साडेचार. दुसरं विमान तीन. मुंबईला उतरून पासपोर्टचा शिक्का आणि बॅगा, सव्वा तास. आणि मुंबई ते सिल्वासा, शनिवारची संध्याकाळ, घोडबंदरपासून पुढे गाड्यांच्या रांगा, चार तास. बेरीज करा. पावणे बेचाळीस. त्यात विमानात बसलेले तास फक्त सोळा. विमानतळ ते घर हे अंतर अवघं १६५ किलोमीटर, सगळ्या प्रवासाच्या दीड टक्काही नाही, पण त्याला चार तास गेले.

शनिवारी सकाळी आठला सगळी माणसं दारात उभी. मी त्याला फोन लावतो आहे, लागत नाही. लागणार कसा? तो आकाशात होता. थांबायचं की न्यायचं, हे त्याला विचारायची वेळ निघून गेली होती. वडीलधारे म्हणाले, “किती ताटकळत ठेवायचं तिला?” पुण्याहून आलेल्या मावशी ऐंशीच्या पुढच्या, रात्रभर खुर्चीत बसलेल्या. आणखी तीन तास थांबलो. अकरा वाजता नेलं. अग्नी मी दिला.

रात्री सव्वा अकराला भाऊ दारात उभा राहिला. बारा तासांनी. चपला काढल्या आणि आईच्या खोलीच्या दारात थांबला. खोली धुऊन झाली होती, कोपऱ्यात दिवा होता. मला वाटत होतं तो विचारेल, का थांबला नाहीस. त्याने विचारलं नाही. म्हणाला, “दादा, तू जेवलास का?”

अस्थी गोळा करायला तो होता. नाशिकला रामकुंडावर आम्ही दोघं गेलो. परतीच्या वाटेवर, त्र्यंबकच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, “मी विमानात बसायच्या आधी तू एकदा विचारलं असतंस, तर मीच सांगितलं असतं, थांबू नका. मग मी सोळा तास ‘पोचतो की नाही’ असं करत बसलो नसतो.” मंडळी, त्याचं दुःख उशिरा पोचल्याचं नव्हतं. आपण पोचू असं आम्ही धरलं आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि ते होणार नाही हेही त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, याचं होतं.

म्हणून डिस्पॅच खात्यातला माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो. अशुभ बोलतोय असं समजू नका. गणपतीसमोर बोलतोय, विघ्नांचा विचार इथेच करायचा असतो.

पहिली गोष्ट. आपल्या प्रत्येक लांबच्या माणसाचा खरा आकडा काढून ठेवा. विमानाचा नाही, दारापासून दारापर्यंतचा. तिकीट मिळायला लागणारा वेळ, विमानतळावरची वाट पाहणं, मधला थांबा आणि मुंबईहून इथपर्यंतचा रस्ता, सगळं धरून. दुबईच्या मुलाचा आकडा बारा-चौदा तासांवर येईल, अमेरिकेतल्याचा तीस ते पंचेचाळीस. तो कागदावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

दुसरी. कागदपत्रं. मुलाच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी राहिली असेल तर आजच नवा करायला सांगा. मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, सून किंवा नातवंडं तिकडची नागरिक असतील, तर त्यांची ओसीआय कार्डं काढलेली आहेत का ते विचारा. नाहीतर मुलगा निघतो आणि नातवंडं व्हिसासाठी मागे राहतात. आणि हे उलटही आहे. उद्या तिकडे त्यांना काही झालं तर आपल्याला जावं लागेल. आपला पासपोर्ट कुठल्या डब्यात आहे? व्हिसा चालू आहे का?

तिसरी. शेवटचे १६५ किलोमीटर आपल्या हातात आहेत, ते इथल्या माणसांनी सांभाळायचे. रात्री तीनला उतरलेल्या, दोन रात्री न झोपलेल्या मुलाला गाडी शोधायला लावू नका. इथून ओळखीचा ड्रायव्हर पाठवा. रस्त्यावर फार गर्दीची वेळ असेल तर बोरिवलीहून वापीपर्यंत रेल्वे बरी पडते. वापीहून आपण वीस मिनिटांत... नाही, वापीचा रस्ता आपल्याला माहीत आहे, पाऊण तास धरा.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची. बोला. आत्ता, सगळे धडधाकट असताना बोला. आपल्यामागे थांबायचं की नाही, किती थांबायचं, हे आईवडिलांनी स्वतः मुलांना सांगून ठेवावं. मी माझ्या मुलीला सांगितलं आहे. ती सिडनीला असते. म्हटलं, “माझ्यासाठी कोणी थांबणार नाही. तू ये, सावकाश ये, आईजवळ पंधरा दिवस राहा.” ती रडली, मग चिडली, मग तिने वहीत लिहून घेतलं. आणि वेळ आलीच, तर माणूस विमानात बसायच्या आधी त्याच्याशी स्पष्ट बोला. दार बंद झालं की दहा-बारा तास त्याचा फोन लागत नाही.

एवढं सांगून झालं. पण फक्त वाईट बातमीचाच हिशेब करायचा का? आईच्या वर्षश्राद्धानंतर मी आणि भावाने ठरवलं, वर्षातून एकदा काही कारण नसताना भेटायचं. गणपतीला तो येतो. तिकीट चैत्रातच काढतो. या वर्षी गेटपासून घरापर्यंत मोजलं, एकतीस तास लागले. थेट विमान होतं, गाडी मी पाठवली होती, बरोबर थर्मासमध्ये चहा दिला होता. आला तेव्हा मखराची रंगरंगोटी चालू होती. हात धुऊन लगेच कामाला लागला. तो बघा, मागच्या रांगेत बसला आहे. आरतीनंतर प्रसाद वाटायला उभा राहील, त्याला सवय नाही, जरा सांभाळून घ्या.

गणपती बाप्पा मोरया.